‘मला वेळ नाही’ हे इंग्रजीत कसं सांगतात? प्रेस्ड, पुश्ड, शॉर्ट की टाइट?

शंकासुर:
नमस्कार मंडळी. काम ब्रिटिश आणि अमेरिकन अशा दोन्ही क्लायंटांशी आहे. बोलणं कमी, मेल आणि चॅट जास्त. ‘सध्या वेळ नाही’ हे रोज या ना त्या रूपात कळवावं लागतं. ‘आय हॅव नो टाइम’ असं सरळसोट लिहिलं तर तुटक वाटतं, आणि दर वेळी ‘बिझी’ लिहिणंही बरं दिसत नाही. समोरून मात्र ‘प्रेस्ड फॉर टाइम’, ‘पुश्ड फॉर टाइम’, ‘शॉर्ट ऑन टाइम’, ‘टाइम इज टाइट’, ‘रनिंग आउट ऑफ टाइम’ असे नाना प्रकार येतात.

यातले कुठले एकमेकांच्या जागी चालतात आणि कुठले नाही? ‘आय हॅव लिटल टाइम’ आणि ‘आय हॅव अ लिटल टाइम’ यांतला फरक बोलण्यात खरंच पाळतात का, की तो व्याकरणाच्या तासापुरताच? शिवाय एका ब्रिटिश मॅनेजरबद्दल ‘आय हॅव अ लॉट ऑफ टाइम फॉर हिम’ असं लिहिलेलं वाचलं. त्याच्यासाठी खूप वेळ आहे म्हणजे काय? जाणकारांनी सांगावं.

खडूफळा:
आधी क्रियापदं बघू, वाक्प्रचार नंतर. आपलं इंग्रजी वाक्प्रचारांवाचून फारसं अडत नाही, क्रियापदापाशी मात्र हमखास अडतं.

मराठीत वेळ मिळतो, म्हणून आपण ‘आय ॲम नॉट गेटिंग टाइम’ लिहितो. भारतात हे सगळ्यांना कळतं, बाहेर खटकतं. ‘गेट’ मुळीच चालत नाही असं नाही. ‘व्हेन यू गेट अ मिनिट’, ‘इफ आय गेट टाइम’ हे तेही म्हणतात. खटकतं ते ‘गेटिंग’ हे चालू काळातलं रूप. आजवर वेळ मिळाला नाही असं सांगायचं असेल तर ‘आय हॅवन्ट हॅड टाइम’. त्याहून जास्त चालणारं म्हणजे ‘आय हॅवन्ट हॅड अ चान्स टू लुक ॲट इट येट’. ऑफिसात ‘टाइम’ऐवजी ‘चान्स’ घालणं ही फार उपयोगी युक्ती आहे. वेळ नव्हता असं म्हटलं की तुमच्या कामाला मी खालचा नंबर दिला असा वास येतो. ‘चान्स’मध्ये तो येत नाही.

याच घरातलं ‘गेट राउंड टू’. ‘आय हॅवन्ट गॉट राउंड टू इट’, म्हणजे करायचं आहे पण अजून हात लागलेला नाही. अमेरिकेत याचंच ‘गॉटन अराउंड टू’ होतं. यात थोडी चालढकलीची कबुली असते, त्यामुळे सहकाऱ्याला चालेल, पैसे थकलेल्या व्हेंडरला नको.

वेळ काढणे याचं ‘टेक आउट टाइम’ करू नका. इंग्रजीत ‘मेक टाइम’ किंवा ‘फाइंड टाइम’. दोन्ही एक नाहीत. दिवसात आहे त्या फटीत काम बसवलं तर ‘फाइंड’, दुसरं काही बाजूला सारून जागा केली तर ‘मेक’. म्हणून ‘आय विल मेक टाइम फॉर इट’ हे जास्त वजनदार आश्वासन आहे, जपून द्या. ‘टेक टाइम ऑफ’ म्हणजे रजा घेणं आणि ‘टेक टाइम आउट’ म्हणजे चालू कामातून थोडं बाजूला होणं. आभार मानताना मात्र ‘थँक यू फॉर टेकिंग द टाइम’, तिथे ‘द’ हवाच.

आता ‘लिटल’. फरक खराच आहे, आणि तो समजायला मराठीतला ‘च’ पुरेसा आहे. ‘थोडा वेळ आहे’ म्हणजे ‘अ लिटल टाइम’, बसा, बोलू. ‘थोडाच वेळ आहे’ म्हणजे ‘लिटल टाइम’, आटपा. एका ‘अ’वर एवढं अवलंबून, आणि तो ‘अ’ बोलताना जेमतेम ऐकू येतो. म्हणूनच बोलण्यात ‘आय हॅव लिटल टाइम’ कुणी फारसं वापरत नाही. ते लेखी आणि जरा भारदस्त वाटतं. बोलताना नकार क्रियापदावर टाकतात: ‘आय डोन्ट हॅव मच टाइम’. ऐकणाऱ्याची गफलत होत नाही. अगदीच कमी असेल तर ‘हार्डली एनी टाइम’.

‘व्हेरी लेस टाइम’ हा आपला खास देशी माल. मराठीत ‘कमी’ एकटाच दोन्ही कामं करतो, ‘खूप कमी’ही आणि ‘पेक्षा कमी’ही. इंग्रजीत ‘लेस’ फक्त तुलनेसाठी. ‘लेस टाइम दॅन लास्ट इयर’ बरोबर, ‘मच लेस टाइम’ बरोबर, ‘व्हेरी’ आलं की पुढे ‘लिटल’च. हे एवढं एक सुधारलं तरी मेल निम्मा सुधारतो.

तुमच्या यादीबद्दल:

‘प्रेस्ड फॉर टाइम’ सगळ्यांत निर्धोक. दोन्हीकडे चालतो, लिहायला आणि बोलायलाही. मागे ‘आय ॲम’ आणि पुढे ‘फॉर’, यात बदल नाही. ‘पुश्ड फॉर टाइम’ अर्थाने तोच, पण तो ब्रिटिश. अमेरिकन माणसाला कळेल, तो स्वतः सहसा म्हणणार नाही. ‘शॉर्ट ऑफ टाइम’ ब्रिटिश लेखनात जास्त, ‘शॉर्ट ऑन टाइम’ अमेरिकेत जास्त. ‘स्ट्रॅप्ड फॉर टाइम’ हे ‘स्ट्रॅप्ड फॉर कॅश’ म्हणजे पैशाची चणचण, त्यावरून आलं. सैलसर बोलण्यातलं आहे, प्रस्तावात किंवा अहवालात नको. ‘क्रंच’ अमेरिकन: ‘वी आर इन अ टाइम क्रंच’.

‘टाइट’ हे माणसाला लावू नका. ‘टाइम इज टाइट’, ‘माय शेड्यूल इज टाइट’, ‘आय ॲम ऑन अ टाइट शेड्यूल’ ही ठीक. नुसतं ‘आय ॲम टाइट’ म्हणजे ब्रिटनमध्ये मी चिक्कू आहे, आणि जुन्या बोलीत मी झिंगलोय.

‘रनिंग आउट ऑफ टाइम’ या रांगेत बसतच नाही. ‘प्रेस्ड’ म्हणजे आज माझ्या हाताशी वेळ कमी. ‘रनिंग आउट’ म्हणजे मुदत संपत आली आणि काम पुरं होईल की नाही याची शंका. क्लायंटला सहज म्हणून ‘वी आर रनिंग आउट ऑफ टाइम’ लिहिलंत तर तो प्रोजेक्ट धोक्यात आहे असं वाचेल आणि तासाभरात कॉल लावेल.

तळटीप:
खडूफळा यांनी क्रियापदं चोख सांगितली. राहिला तो ‘अ लॉट ऑफ टाइम फॉर हिम’चा प्रश्न, आणि यादीतला खरा सुरुंग तोच आहे.

‘टाइम फॉर’च्या पुढे काम आलं तर वेळेची गोष्ट. पुढे माणूस किंवा एखादी वृत्ती आली की गोष्ट वेळेची राहत नाही, मताची होते. ‘आय हॅव अ लॉट ऑफ टाइम फॉर हर’ म्हणजे मला तिच्याबद्दल आदर आहे, ती मला पटते. ‘आय हॅव नो टाइम फॉर हिम’ किंवा ‘लिटल टाइम फॉर हिम’ म्हणजे मी त्याला मोजत नाही. ‘शी हॅज नो टाइम फॉर गॉसिप’ म्हणजे तिला कुचाळक्यांचा तिटकारा आहे, ती कामात बुडालेली असो वा रिकामी बसलेली असो. आदराचा प्रकार मुख्यतः ब्रिटिश, नावडीचा सगळीकडे चालतो. तेव्हा तुमच्या त्या मॅनेजरची स्तुती झाली आहे.

आता धोका बघा. एखाद्या सहकाऱ्याला ‘सॉरी, आय डोन्ट हॅव टाइम फॉर यू टुडे’ असं लिहिणं म्हणजे तुझ्यासाठी माझ्याकडे वेळ नाही, जा. भांडणाचंच वाक्य. वाचवणारा नियम सोपा आहे. पुढे माणूस येणार असेल तर ‘फॉर’ टाळा आणि ‘टू’ लावून क्रियापद घाला: ‘आय डोन्ट हॅव टाइम टू मीट टुडे’, ‘आय वोन्ट हॅव टाइम टू टॉक बिफोर लंच’. आता नकार भेटीला आहे, माणसाला नाही.

‘आय डोन्ट हॅव टाइम फॉर धिस’ हे काम समोर ठेवूनही चिडखोर आहे. असल्या भानगडींना माझ्याकडे वेळ नाही, असा त्याचा सूर. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही बातमीतली ‘एन्ट नोबडी गॉट टाइम फॉर दॅट’ ही ओळ जगभर फिरली, तीही याच सुरात. चॅटवर तिचं मीम टाकायचं तर घसटीच्या माणसालाच.

आणखी दोन शेजारी, एकमेकांत गल्लत होणारे. ‘डू यू हॅव टाइम?’ म्हणजे वेळ आहे का. ‘डू यू हॅव द टाइम?’ म्हणजे किती वाजले. पुढे कामाचं नाव आलं की ‘द’ पुन्हा निरुपद्रवी होतो: ‘डू यू हॅव द टाइम टू चेक धिस?’ आणि ‘ही वुडन्ट गिव्ह मी द टाइम ऑफ डे’ म्हणजे त्याने मला किती वाजले हेसुद्धा सांगितलं नसतं, आपल्या भाषेत ढुंकूनही पाहिलं नाही.

शंकासुर:
दोघांचेही आभार. ‘फॉर यू’ लिहिणं आजपासून बंद. आता एक नमुना टाकतो, असे मेल आमच्याकडे सर्रास जातात. कुठे कुठे कात्री लावाल?

‘डिअर सर, आय ॲम नॉट गेटिंग टाइम सिन्स लास्ट वीक ॲज आय ॲम बिझी इन रिलीज वर्क. देअर इज व्हेरी लेस टाइम. आय विल गिव्ह द रिपोर्ट टिल फ्रायडे ईओडी. काइंडली ॲडजस्ट.’

पाऊसपाणी:
‘गेटिंग’ आणि ‘व्हेरी लेस’ यांचा समाचार वर झाला आहे. बाकीचं क्रमाने घेतो.

‘बिझी इन’ नाही, ‘बिझी विथ’. किंवा सरळ क्रियापद: ‘बिझी टेस्टिंग द रिलीज’. पण या जागी ‘टाइड अप विथ’ जास्त शोभतं. ‘बिझी’ हा स्वभावही असू शकतो, ‘टाइड अप’ म्हणजे अमुक कामाने अमुक वेळेपर्यंत अडकवून ठेवलंय. मुदत त्यात आपोआप येते.

‘टिल फ्रायडे’ ही सगळ्यांत महाग चूक, कारण ती व्याकरणाची राहत नाही, तारखेची होते. मराठीत ‘शुक्रवारपर्यंत’ दोन्हीकडे चालतं: ‘शुक्रवारपर्यंत अहवाल देतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत मी कामात आहे’. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘अन्टिल’ किंवा ‘टिल’. एखादी अवस्था त्या दिवसापर्यंत चालू राहणार असेल तर ‘अन्टिल’. एखादी गोष्ट त्या दिवसाच्या आत एकदा घडायची असेल तर ‘बाय’. ‘आय विल गिव्ह द रिपोर्ट टिल फ्रायडे’ याचा शब्दशः अर्थ शुक्रवार उजाडेतो मी अहवाल देतच राहीन.

‘ईओडी’ म्हणजे दिवसाखेर, पण कुणाच्या दिवसाची? लंडनची संध्याकाळची ५:३० उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे १० आणि हिवाळ्यात ११, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यांची घड्याळं तासभर पुढे असतात. न्यूयॉर्कची संध्याकाळची ५ म्हणजे आपली उत्तररात्र, उन्हाळ्यात २:३० आणि हिवाळ्यात ३:३०, तीही दुसऱ्या दिवशीची. तेव्हा तास लिहा आणि पुढे ‘युअर टाइम’ जोडा. वाद मिटतो.

‘काइंडली ॲडजस्ट’चा बाहेर अर्थच लागत नाही. काय ॲडजस्ट करायचं, खुर्ची? जमेल का हे विचारायचं असेल तर ‘वुड दॅट वर्क?’ तीन शब्द, आणि निर्णय समोरच्याच्या हातात. ‘डिअर सर’ही नको. ओळखीच्या क्लायंटला ‘हाय’ आणि पहिलं नाव.

सगळं जोडून:

‘आय ॲम अफ्रेड आय हॅवन्ट हॅड अ चान्स टू स्टार्ट द रिपोर्ट. आय ॲम टाइड अप विथ द रिलीज अन्टिल वेन्झडे, बट आय कॅन गेट इट टू यू बाय नून ऑन फ्रायडे, युअर टाइम. वुड दॅट वर्क?’

‘आय ॲम अफ्रेड’मध्ये भीती कसली नाही, ते ‘माफ करा, पण’ एवढंच आहे. मेलचे तीन सांधे आहेत: काय झालं नाही, कशात अडकलो आहे, कधी मिळेल. यातला तिसरा गळाला की उरलेल्या दोन्हींचा अर्थ ‘नाही’ असा वाचतात. सबब मात्र लांबवू नका. एका वाक्याच्या पुढे गेली की ती सबबच दिसते.

रात्रपाळी:
मेलचं झालं, आता कॉल. तिथली भाषा वेगळी आहे.

कॉलच्या सुरुवातीलाच सांगतात ते ‘आय हॅव अ हार्ड स्टॉप ॲट फोर’. चार म्हणजे चार, मागेपुढे नाही. हे आधी सांगितलं तर सभ्य, ३:५८ ला सांगितलं तर पळवाट. मध्येच चर्चा फाटे फोडायला लागली की ‘इन द इंटरेस्ट ऑफ टाइम, लेट्स मूव्ह ऑन’. ब्रिटिश कधी कधी तिथे ‘इंटरेस्ट्स’ असं अनेकवचन करतात. शेवटच्या पाच मिनिटांत ‘वी आर कमिंग अप ऑन टाइम’, संपल्यावर ‘वी आर ॲट टाइम’, दोन्ही अमेरिकन कॉर्पोरेट. काम लवकर आटोपलं तर ‘आय विल गिव्ह यू टेन मिनिट्स बॅक’, जणू उसने घेतलेले परत केले. अजेंड्यात शेवटच्या मुद्द्यापुढे ‘टाइम परमिटिंग’ दिसलं तर तो मुद्दा होण्याची आशा धरू नका. आपल्या कार्यक्रमपत्रिकेतलं ‘वेळ मिळाल्यास’ हेच करतं. झाला नाही की ‘वेळेअभावी’, म्हणजे ‘फॉर लॅक ऑफ टाइम’ किंवा जास्त औपचारिक ‘ड्यू टू टाइम कन्स्ट्रेंट्स’.

फोन ठेवताना ‘वेल, आय विल लेट यू गो’ किंवा ‘आय वोन्ट कीप यू’ ऐकलं की ‘नाही नाही, मला काही घाई नाही, बोला’ असं म्हणू नका. तुम्हाला सोडतो असं म्हणत तो स्वतःची सुटका करून घेतोय. आपलं ‘बरं, ठेवू का?’ जे काम करतं तेच. याला उत्तर एकच: ‘शुअर, थँक्स, बाय’. स्वतःची घाई उघड सांगायची तर ब्रिटिश ‘मस्ट डॅश’, अमेरिकन ‘गॉट टू रन’.

कुणी ‘गॉट अ मिनिट?’ विचारलं आणि खरंच वेळ नसेल, तर ‘नो’ तोडू नका. ‘आय ॲम इन द मिडल ऑफ समथिंग, कॅन इट वेट टिल फोर?’ इथे ‘टिल’ बरोबर, कारण थांबणं चारपर्यंत चालू राहणार आहे. आणि हे जे ‘मिनिट’ आहे ते पाच ते पंधरा मिनिटांचं असतं, दोन्ही खंडांत.

कामाचा डोंगर सांगण्यासाठी ‘स्वॅम्प्ड’ कुठेही चालतं. ‘स्लॅम्ड’ अमेरिकन. ‘रश्ड ऑफ माय फीट’ ब्रिटिश, दुकान, हॉटेल, हॉस्पिटल अशा पायपिटीच्या कामाला जास्त शोभणारं. ‘फ्लॅट आउट’ ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन, पूर्ण वेगात राबणं. ‘अप टू माय आइज इन वर्क’ हेही ब्रिटिश, म्हणजे आपण गळ्यापर्यंत बुडतो, ते डोळ्यांपर्यंत. ‘डोकं खाजवायला फुरसत नाही’ याचं मात्र भाषांतर करायला जाऊ नका, डोक्यात कोंडा झाला असं वाटेल. तिथे ‘आय हॅवन्ट हॅड अ मिनिट टू मायसेल्फ ऑल डे’.

आणि अर्थातच ‘बँडविड्थ’. ‘आय डोन्ट हॅव द बँडविड्थ’. आयटीवाल्यांना हेच सगळ्यांत सोयीचं.

खडूफळा:
रात्रपाळी, ‘बँडविड्थ’बद्दल थोडा मतभेद. सोयीचं आहे हे खरं, पण त्यात वेळ आणि डोक्याची क्षमता दोन्ही एकत्र येतात. माझ्याकडे माणसं कमी आहेत, मला जमत नाही, की मला करायचं नाही, यातलं नेमकं काय ते कळत नाही. आयटीबाहेरच्या माणसाला ते कॉर्पोरेट पोपटपंचीही वाटतं. टीमबद्दल बोलताना, ‘द टीम डझन्ट हॅव द बँडविड्थ धिस मंथ’, चालून जातं. स्वतःबद्दल ‘आय कान्ट टेक धिस ऑन राइट नाऊ’ जास्त सरळ.

ब्रिटिश माणसाच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. तो जितकं सौम्य बोलेल तितका नकार पक्का. ‘आय ॲम अ बिट पुश्ड’ यातल्या ‘अ बिट’ने थोडक्याचा समज करून घेऊ नका, गडी पार अडकलेला आहे. ‘थर्सडे इज लुकिंग अ बिट ट्रिकी’ म्हणजे गुरुवार विसरा. ‘आय विल ट्राय’वरही फार विसंबू नका. याउलट ‘इट विल बी टाइट’ म्हणजे ओढाताण होईल पण बहुधा बसेल, आणि ‘दॅट्स अ बिग आस्क’ म्हणजे मागणी अवाजवी आहे, कमी करा. अमेरिकन माणूस नकार दिला तरी पुढची तारीख लोंबकळत ठेवतो: ‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ पावसाने बेसबॉलचा सामना रद्द झाला की पुन्हा येण्यासाठी मिळणारं तिकीट म्हणजे रेन चेक. आता नाही, नंतर बघू, इतकंच. त्या ‘नंतर’ची वही ठेवत बसू नये.

कलमबहाद्दर:
एक वाक्य अजून कुणी घेतलं नाही, आणि ते मेलमध्ये टाकण्याची हौस अनेकांना असते: ‘टाइम इज ऑफ द एसेन्स’.

रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ त्वरा करा एवढाच. करारात मात्र ते कायद्याचं वाक्य आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ५५ पाहा. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही आणि मुदत ही कराराची मुख्य अट असावी असा दोन्ही पक्षांचा हेतू होता, तर समोरचा पक्ष करार रद्द करू शकतो. तसा हेतू नसेल तर उशिरामुळे करार रद्द करता येत नाही, झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. म्हणजे या चार-पाच शब्दांवर करार टिकणार की मोडणार हे ठरू शकतं. अर्थात नुसते शब्द लिहिले म्हणून काम भागत नाही. पुढे मुदतवाढीची आणि उशिराच्या दंडाची कलमं असतील तर मुदत मुख्य अट नव्हतीच असा अर्थ निघू शकतो.

म्हणून दोन गोष्टी. वर्क ऑर्डरमध्ये हे वाक्य समोरच्याने घातलं असेल तर ते अलंकार म्हणून वाचू नका, सहीच्या आधी तारखा पुन्हा मोजा. आणि स्वतःच्या मेलमध्ये घाई सुचवायची असेल तर ते वापरू नका. ‘वी आर वर्किंग टू अ टाइट डेडलाइन’ पुरतं. ऐनवेळी काम टाकताना ‘सॉरी फॉर द शॉर्ट नोटिस’ दोन्हीकडे चालतं. वाक्यात घेताना ब्रिटिश ‘ॲट शॉर्ट नोटिस’, अमेरिकन ‘ऑन शॉर्ट नोटिस’. ‘ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’ लिहून कुणी घाई करत नाही. तुमच्या सोयीने असंच त्यात म्हटलेलं आहे, आणि लोक सोयीनेच करतात.

अर्धविराम:
चांगली चर्चा. थोडं बाजूचं विचारते. ‘इन टाइम’, ‘ऑन टाइम’, ‘इन नो टाइम’ यांत कायम घोळ होतो. आणि ‘इन टेन मिनिट्स’ म्हणजे दहा मिनिटांत की दहा मिनिटांनी?

पाऊसपाणी:
‘ऑन टाइम’ म्हणजे ठरलेल्या वेळेवर. ७:१० ची लोकल ७:१० ला आली तर ती ‘ऑन टाइम’. ती सुटण्याआधी तुम्ही फलाटावर पोचलात तर तुम्ही ‘इन टाइम’, म्हणजे वेळेत. जेमतेम पोचलात तर ‘जस्ट इन टाइम’. दार बंद होता होता तर ‘इन द निक ऑफ टाइम’. ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’ म्हणजे शेवटच्या घटकेला. ते बायबलमधल्या मत्तयच्या विसाव्या अध्यायातून आलं. द्राक्षमळ्यावर अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्या मजुरांनाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. म्हणून रात्री अकराशी त्याचा संबंध लावू नका. ‘इन नो टाइम’मध्ये वेळ नसल्याची तक्रार नाही, काम चुटकीसरशी होईल असं ते आश्वासन आहे.

‘इन टेन मिनिट्स’ दोन्ही आहे, आणि अर्थ क्रियापदावर ठरतो. ‘आय विल कॉल यू इन टेन मिनिट्स’ म्हणजे दहा मिनिटांनी फोन करतो, तिसऱ्या मिनिटाला आला तर त्यांनाच नवल वाटेल. ‘आय कॅन फिक्स धिस इन टेन मिनिट्स’ म्हणजे दुरुस्तीला दहा मिनिटं लागतील. कधी सुरू करणार ते त्यात नाही. दहा मिनिटांच्या आत असं ठासून सांगायचं असेल तर ‘विदिन टेन मिनिट्स’, आणि मग घड्याळ लावून बसणारा क्लायंटही गृहीत धरायचा. आपण ‘आफ्टर टेन मिनिट्स’ लिहितो ते आत्तापासून मोजताना बसत नाही. मागच्या घटनेपासून मोजताना बसतं: ‘आफ्टर टेन मिनिट्स, ही गेव्ह अप’.

अर्धविराम:
म्हणजे सपोर्टवाला ‘वी विल फिक्स इट इन टू अवर्स’ म्हणाला तर?

पाऊसपाणी:
तर ‘स्टार्टिंग व्हेन?’ हे लगेच विचारून घ्या.